पर्यावरणावरचा इंग्रजी निबंध: तयार परिच्छेद पाठ करावेत का?

पानगळ
केंब्रिजच्या बी-वन प्रिलिमिनरी आणि त्यावरच्या पातळीची बी-टू फर्स्ट या इंग्रजीच्या परीक्षांची तयारी करताना पर्यावरणावर एक-दोन निबंध घोटून ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. माझ्या मते या सल्ल्यानेच गुण जातात.

बी-टूच्या लेखनाच्या पेपरात पहिला भाग निबंधाचा आणि सक्तीचा असतो, १४० ते १९० शब्दांचा. प्रश्नाखाली दोन मुद्दे छापलेले असतात आणि तिसरा आपण घालायचा असतो. समजा विषय आला, शहराच्या मध्यभागी खासगी गाड्यांना बंदी असावी का? आणि मुद्दे आहेत स्वच्छ हवा व दुकानांचा धंदा. घोटलेला निबंध ग्लोबल वॉर्मिंगपासून सुरू होतो, झाडं लावा म्हणतो आणि संपतो. दुकानं राहूनच जातात. आशय, संवाद, मांडणी आणि भाषा या चार निकषांना प्रत्येकी ५ गुण आहेत. छापलेला मुद्दा सुटला की आशयाला फटका बसतो, तो सुंदर वाक्यांनी भरून निघत नाही.

अवकाळी
बी-टूपुरतं मान्य. पण बी-वनच्या विद्यार्थ्याला हे सांगू नका. त्याच्या हातात ४५ मिनिटं असतात आणि प्रत्येकी सुमारे १०० शब्दांचे दोन मजकूर लिहायचे असतात. पहिला ईमेल, त्यात चार टिपांना उत्तर द्यायचं. दुसऱ्यासाठी लेख किंवा गोष्ट यांतलं एक निवडायचं. तिथे 'मोकळेपणाने लिही' म्हटलं की काय येतं? 'पोल्यूशन्स आर इन्क्रीझिंग', 'पीपल थ्रो मेनी गार्बेजेस', 'वी मस्ट सेव्ह द नेचर'. पोल्यूशन, गार्बेज, वेस्ट, डॅमेज यांची अनेकवचनं अशी होत नाहीत. नेचरला या अर्थाने 'द' नको आणि एन्व्हायर्न्मेंटला मात्र हवा. मराठीत आर्टिकलच नसल्याने हे नियम वाचून अंगवळणी पडत नाहीत. चांगले दोन परिच्छेद तोंडपाठ असले की 'द' कुठे आणि एकवचन कुठे हे आपोआप बसतं. पाठांतराला इतकं हिणवू नये.

पानगळ
@अवकाळी, तुम्ही दिलेल्या चुका खऱ्या आहेत, पण त्यावर औषध परिच्छेद नाही, शब्दजोड्या आहेत. 'कॉज डॅमेज', 'रिड्यूस एमिशन्स', 'थ्रो अवे', 'रन आउट ऑफ', 'हॅव अ हार्मफुल इफेक्ट ऑन'. अशा २०-२५ जोड्या पुरतात, कारण त्या कुठल्याही प्रश्नात बसवता येतात. अख्खा परिच्छेद फक्त स्वतःच्याच प्रश्नात बसतो.

आणि जोडी नुसती म्हणून उपयोग नाही. एकच जोडी तीन वाक्यांत वापरायची: एकदा कर्मणी प्रयोगात, एकदा प्रेझेंट परफेक्टमध्ये, एकदा इफ लावून. 'मोअर प्लास्टिक इज थ्रोन अवे एव्हरी इयर', 'वी हॅव थ्रोन अवे टू मच', 'इफ शॉप्स चार्ज्ड फॉर बॅग्ज, फ्यूअर वुड बी थ्रोन अवे'. बी-टूला परीक्षक रचनांची विविधता पाहतो, ती इथून येते.

रेघोट्या
दोघांच्या वादात मजकुराच्या प्रकाराकडे दुर्लक्ष होतंय. पर्यावरण हा विषय निबंधातच येतो असं नाही. बी-टूच्या दुसऱ्या भागात तोच विषय अहवाल, लेख किंवा ईमेल म्हणून येऊ शकतो. 'कॉलेजातला कचरा कमी कसा करावा' हा अहवाल प्राचार्यांसाठी असेल, तर मथळे हवेत, सद्यस्थिती हवी आणि शेवटी शिफारशी हव्यात. तिथे 'अवर प्लॅनेट इज डायिंग' लिहिलं की संवादाच्या निकषात गुण कमी होतात, कारण वाचक कोण हेच विसरलं गेलं. मित्राच्या ईमेलमध्ये 'फर्दरमोअर' तितकंच विचित्र दिसतं.

सरावासाठी एकच विषय घ्या, म्हणजे प्लास्टिक. सोमवारी निबंध, बुधवारी अहवाल, शुक्रवारी ईमेल. शब्द तेच राहतात आणि सूर बदलतो. या बदलात जे अडखळतं, तेच परीक्षेत अडखळणार असतं.

अवकाळी
@रेघोट्या, पद्धत चांगली आहे, पण हा बी-टूचा सराव झाला. बी-वनला अहवाल नाही.

@पानगळ, शब्दजोड्यांचं पटतं. तरीही सुरुवात आणि जोडणी यांची तयार वाक्यं मी सोडणार नाही. कोऱ्या कागदासमोर सात मिनिटं जाण्यापेक्षा ठरलेली पहिली ओळ बरी. त्या ओळीत विषयाचं नाव बदलता आलं पाहिजे, एवढीच माझी अट.

पानगळ
सात मिनिटं जातात ती आखणी नसल्याने. बी-टूला ८० मिनिटांत दोन मजकूर, म्हणजे प्रत्येकी ४०. त्यातली ७-८ आखणीला, २५ लिहायला, उरलेली तपासणीला. आखणीत प्रत्येक मुद्द्यासमोर दोनच शब्द लिहायचे. दुकानांच्या मुद्द्यासमोर 'माल, पहाट' एवढं लिहिलं की वाक्य तयार होतं: 'इफ डिलिव्हरी व्हॅन्स वर अलाउड इन बिफोर एट, शॉप्स वुड स्टिल गेट देअर गुड्स.' हे कुठल्याही पाठ निबंधात सापडणार नाही आणि प्रश्नाला थेट भिडतं.

'नाउअडेज, पोल्यूशन इज अ बिग प्रॉब्लेम' अशी ठरलेली पहिली ओळ मात्र प्रश्नाबद्दल काहीच सांगत नाही. त्यापेक्षा प्रश्नच स्वतःच्या शब्दांत मांडावा.

रेघोट्या
तथ्यांबद्दलही बोलायला हवं. ओझोनच्या छिद्रामुळे पृथ्वी तापते, हे वाक्य पाठ निबंधांतून वर्षानुवर्षं फिरतंय. तापमानवाढीचं मुख्य कारण कार्बन डायऑक्साइडसारखे वायू आहेत. ओझोनचा थर विरळ झाला तो मुख्यतः सीएफसीमुळे (फ्रिज, एसी वगैरेंत वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू), आणि १९८७चा मॉन्ट्रियल करार त्यासाठीच झाला. परीक्षा भाषेची आहे, विज्ञानाची नाही, हे खरं. पण चुकीच्या कारणावर उभा केलेला युक्तिवाद पुढे नेताना वाक्यंही गडबडतात.

अवकाळी
पटलं. म्हणून पाठ करायचंच असेल तर आधी तपासून घ्यावं. पण बी-वनच्या मुलाला पहिली ओळ देऊ नका, यावर मी अजूनही सहमत नाही. लेखासाठी निदान दोन प्रकारची सुरुवात द्यावी, एक प्रश्नाने आणि एक विधानाने. निवड त्याची त्याला करू द्या.