मदत हवी आहे: थायरॉइडच्या ऑपरेशननंतर ड्रेन लावत नाहीत, हे चालतं का?

नमस्कार. आईचं (वय ५९) पुढच्या मंगळवारी डेक्कनजवळच्या एका हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन आहे. थायरॉइडला दोन्हीकडे गाठी आहेत. सुईच्या तपासणीत कॅन्सर निघाला नाही, पण गिळताना घास अडकतो, म्हणून अख्खी ग्रंथी काढणार आहेत.

आधी दाखवलेले सर्जन म्हणाले होते, गळ्यात ड्रेनची नळी ठेवू (आत साठणारं रक्त-पाणी बाहेर काढणारी), २४ तासांत ३० मिलीच्या खाली आलं की काढू. आता जे ऑपरेशन करणार आहेत ते म्हणतात, "साध्या केसला मी ड्रेन ठेवत नाही, दुसऱ्या दिवशी घरी जा." माझ्या मामीला बारा वर्षांपूर्वी नळी होती. तो भात्यासारखा दाबून ठेवलेला डबा आणि त्यातलं लाल पाणी अजून डोळ्यांसमोर आहे. नळी नसेल तर ते रक्त जाणार कुठे? आम्ही धायरीला राहतो. संध्याकाळी सिंहगड रोडवर अडकलो आणि आईचा गळा सुजला तर? ड्रेन लावाच असा हट्ट धरू का? कुणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद

ताई, मी सर्जरी वॉर्डात चौदा वर्षं सिस्टर होते. तुमची भीती खरी आहे, पण ड्रेन हा तिच्यावरचा उपाय नाही. थोडंफार पाणी शरीर आपलं आपण शोषून घेतं. रक्त जोरात साठलं तर त्याची गुठळी होते आणि नळीच तुंबते. डबा रिकामा दिसतो, सगळे निर्धास्त असतात आणि आत गळा भरत असतो. कोक्रेन ही संस्था बरेच अभ्यास एकत्र तपासते, तिच्या २००७ च्या आढाव्यातही ड्रेनमुळे फायदा झाल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नव्हता, हॉस्पिटलमधला मुक्काम मात्र वाढलेला दिसला. गाठ छातीत उतरलेली असेल किंवा मानेतल्या लसिकाग्रंथीही काढायच्या असतील तर मात्र बरेच सर्जन ठेवतात. आईचं तसं काही आहे का, एवढं विचारून घ्या.

हट्ट धरायचाच तर रात्रीच्या देखरेखीसाठी धरा. रक्तस्राव बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांत होतो, त्यातही पहिले सहा तास जास्त जोखमीचे. गळा ताणल्यासारखा वाटणं, सूज वाढणं, आवाज बदलणं, श्वासाला त्रास, आडवं पडवेनासं होणं, यातलं काहीही दिसलं तर बेल दाबून थांबू नका, धावत जाऊन सांगा. प्रसंगी खाटेवरच टाके उघडावे लागतात, तेव्हा ते करू शकणारं रात्री कोण असेल हे आधी विचारा. घरी गेल्यावर ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या तर कॅल्शियम उतरलेलं असू शकतं, लगेच फोन करा.

धागाकर्ती

मनापासून आभार. आज फोन केला. गाठ छातीत नाही. रात्री सर्जरीचे निवासी डॉक्टर मजल्यावरच असतात. घर लांब आहे म्हटल्यावर सर दुसरी रात्रही ठेवून घ्यायला तयार झाले. ड्रेनचं आता काही म्हणत नाही. पहिल्या रात्री आईजवळ मी आणि दादा आळीपाळीने जागणार आहोत.