मदत हवी आहे: स्टीरिओसाठी स्वस्तातला ‘ऑडिओफाइल’ फ्यूज घ्यावा का? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

ॲम्प्लिफायरमधला साधा काचेचा फ्यूज काढून त्याजागी ऑडिओफाइल (आवाज सुधारतो म्हणून विकला जाणारा) फ्यूज बसवावा का, या विचारात आहे. फुरुटेक, हाय-फाय ट्यूनिंग, सिनर्जिस्टिक रिसर्च वगैरेंचे महागडे फ्यूज माझ्या आवाक्यातले नाहीत. पण हजार-दीड हजारात सिरॅमिक नळी आणि सोन्याचा मुलामा असलेले फ्यूज ऑनलाइन दिसतात. ज्यांनी असे फ्यूज घरी लावून ऐकले आहेत त्यांचा अनुभव हवा आहे. फरक जाणवला नसेल तर तेही नक्की लिहा, कारण तसं सहसा कुणी लिहीत नाही.

सेटअप असा: इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर, चॅनलमागे ४५ वॅट, बुकशेल्फ स्पीकर, आणि लॅपटॉपला जोडलेला डॅक (डिजिटल सिग्नलचं ॲनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारं यंत्र). राहायला मनीषनगरला, जुन्या इमारतीत. ऐकतो ते बहुतेक शास्त्रीय गायन, त्यातही मैफलींची जुनी रेकॉर्डिंग.

तक्रार अशी की रात्री अकरानंतर ऐकायला बसलं की तानपुरा मोकळा लागतो, जवारी उलगडते, सम गाठण्याआधी गायकाने घेतलेला श्वाससुद्धा कळतो. तीच फाइल त्याच व्हॉल्यूमवर संध्याकाळी सातला लावली की सगळं दबून जातं. उन्हाळ्यात हे जास्त होतं, आणि नवतपात तर ऐकायला बसणंच नकोसं होतं. मल्टिमीटर लावून पाहिला. संध्याकाळी सगळ्या इमारतीचे कूलर सुरू झाले की सॉकेटवर २०५ व्होल्ट मिळतात, मध्यरात्री २३२. स्वतःचा कूलर बंद ठेवूनही ऐकलं, कारण त्याच्या घरघरीत तानपुरा बुडणारच. तरी फरक पूर्ण जात नाही.

फ्यूजने हे सुधारेल का, याचा हिशेब मांडून बघितला, तो इथे देतो. चुकत असेल तर दाखवा.

माझ्या ॲम्प्लिफायरचा फ्यूज ५ × २० मिलिमीटरचा, टोपीवर बारीक अक्षरांत ‘टी ३.१५ ए एल २५० व्ही’ असं कोरलेलं. ‘टी’ म्हणजे टाइम-लॅग. ट्रान्सफॉर्मर सुरू होताना क्षणभर मोठा करंट ओढतो, तेव्हा तो उडू नये म्हणून. ‘एल’ म्हणजे शॉर्ट सर्किटचा करंट तोडायची क्षमता कमी. काचेचे फ्यूज बहुधा याच गटातले असतात, वाळू भरलेले सिरॅमिकचे फ्यूज ‘एच’ गटातले. अशा फ्यूजचा रेझिस्टन्स साधारण २०-३० मिलिओहम असतो. आता घरातलं वायरिंग बघा. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे साधारण १२ मिलिओहम. मीटरबोर्डापासून हॉलमधल्या सॉकेटपर्यंत माझी तार सुमारे १५ मीटर, म्हणजे फेज आणि न्यूट्रल धरून ३० मीटर. ते झाले ३६० मिलिओहम. यात इमारतीची मुख्य केबल आणि बाहेरची लाइन अजून धरलेलीच नाही. ॲम्प्लिफायरने एक ॲम्पिअर ओढला तर फ्यूजवर पडतात ३० मिलिव्होल्ट, आणि माझ्या सॉकेटवर रोज २७ व्होल्टचा चढउतार होतोय!

फ्यूजवरच्या बाणाची दिशा बघून बसवा, असंही काही विक्रेते सांगतात. मेन्सच्या फ्यूजला हे कसं लागू पडतं ते मला अजिबात कळलेलं नाही. ५० हर्ट्झला करंट सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतो.

पण एक शक्यता मला खरी वाटते. फ्यूज ज्या क्लिपांत बसतो त्या वर्षानुवर्षं हात न लागल्याने काळवंडतात, पकड ढिली होते. नवा फ्यूज सरकवताना त्या घासल्या जातात आणि संपर्क सुधारतो. म्हणजे ज्यांना बदल ऐकू आला त्यांतल्या काहींना तो फ्यूजमुळे नाही, तर त्या घासण्यामुळे आला असेल. म्हणून आधी प्लग काढून, कपॅसिटर रिकामे व्हायला वेळ देऊन, क्लिपा कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून जुनाच फ्यूज परत लावणार आहे. नव्याशी तुलना व्हायची तर ती या स्थितीशी व्हावी.

स्वस्तातल्या फ्यूजबद्दल खरी धास्ती सुरक्षिततेची आहे. फ्यूजचं पहिलं काम वेळेवर उडणं. ज्याच्यावर आयईसी ६०१२७ चा (छोट्या फ्यूजच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा) उल्लेख नाही, कुठल्या चाचणी संस्थेची खूण नाही, तो ३.१५ ॲम्पिअरचा आहे हे कशावरून मानायचं? आवाज ‘खुलावा’ म्हणून ५ ॲम्पिअरचा लावा असा सल्ला मला एकाने दिला. तो मी मानणार नाही, तुम्हीही कृपया मानू नका. बिघाड झाला तर आधी ट्रान्सफॉर्मर जळेल, फ्यूज नाही. नामांकित औद्योगिक कंपन्यांचे, म्हणजे लिटेलफ्यूज, शुर्टर यांचे सिरॅमिक फ्यूज त्याच रेटिंगमध्ये कमी पैशांत मिळतात. ते आणि ऑडिओफाइल म्हणून विकले जाणारे, दोन्ही शेजारीशेजारी ऐकलेलं कुणी आहे का इथे?

कानावर पूर्ण विसंबायचं नाहीये. फ्यूज बदलायचा तर सेट बंद करावा लागतो, आणि तेवढ्या वेळात आधीचा आवाज नेमका लक्षात राहत नाही. एक कल्पना आहे: स्पीकर टर्मिनलवरून रेझिस्टरच्या साहाय्याने सिग्नल कमी करून यूएसबी इंटरफेसवर एकच तुकडा दोन्ही फ्यूजसह रेकॉर्ड करायचा, ऑडासिटी या सॉफ्टवेअरमध्ये एक ट्रॅक उलटा करून दुसऱ्यात मिसळायचा आणि काय उरतं ते ऐकायचं. आधी जुन्याच फ्यूजची दोन रेकॉर्डिंग अशी वजा करून पाहायची, म्हणजे पद्धतीतच किती फरक उरतो ते कळेल. यासाठी अटेन्युएटरचे (सिग्नल कमी करणाऱ्या जोडणीचे) रेझिस्टर किती ओहमचे घेऊ? आणि माझ्या ॲम्प्लिफायरचं काळं टर्मिनल ग्राउंडलाच आहे की ब्रिज आउटपुट (दोन्ही टर्मिनलवर सिग्नल) आहे, हे जोडणी करण्याआधी कसं तपासायचं? ब्रिज असेल तर इंटरफेसचं ग्राउंड तिथे लावून आउटपुट स्टेज जाळायची नाही मला.

फ्यूज सोडून हेच पैसे दुसरीकडे घालावेत असं वाटत असेल तर तेही सांगा. मीटरबोर्डापासून २.५ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र लाइन ओढणं आणि अर्थिंग तपासून घेणं, हा पर्याय माझ्या डोळ्यांपुढे आहे. मात्र इमारतीत येणारा व्होल्टेजच कमी असेल तर त्याने भागणार नाही, मग स्टॅबिलायझर घ्यावा लागेल. सर्व्हो स्टॅबिलायझरच्या मोटरची घरघर शांत खोलीत किती ऐकू येते? रिले टाइपचा टकटक आवाज माहीत आहे, तो आलापात नको.

नागपूरकरांसाठी वेगळी विनंती. बर्डीवर किंवा इतवारीत चाचणीची खूण असलेले ५ × २० चे टाइम-लॅग सिरॅमिक फ्यूज सुटे मिळतात का? ज्या दुकानांत विचारलं तिथे काचेचेच दाखवले, आणि त्यांतही ‘टी’ की ‘एफ’ (लगेच उडणारा) हे दुकानदाराला सांगता आलं नाही. तुमच्याकडे असा फ्यूज असेल आणि एखाद्या रविवारी माझ्याकडे ऐकायला येणार असाल तर जरूर कळवा. कुठला फ्यूज लावलाय हे ऐकणाऱ्याला न सांगता बदलायला दुसरं माणूस लागतंच.