अनुभव धागा : फॅशन क्षेत्रात सुरुवात करताना हाताला काय यायला हवं?

या क्षेत्रात येणाऱ्या बहुतेकांना स्केच छान काढता येतं. पहिली नोकरी मात्र सहसा स्केच आणि शिवलेला कपडा यांच्या मधल्या कामात मिळते. पॅटर्न (कपड्याच्या तुकड्यांचे कागदी साचे), सॅम्पलिंग (नमुन्याचा कपडा बनवणं), मर्चंडायझिंग (ग्राहक आणि कारखाना यांच्यात ऑर्डर सांभाळणं), क्वालिटी, कुठेही काम करत असाल तर नेमकं लिहा : काय शिकावं, कुठे चुकतं?

पॅटर्न मेकर
पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घ्या आणि शिवला त्याच्या उलट क्रमाने उसवा : बटणं, खालची दुमड, कफ, कुशीची शिवण, बाह्या, कॉलर, शेवटी खांदे. प्रत्येक तुकडा इस्त्री करून कागदावर उतरवा, उभ्या धाग्याची रेघ आणि खाचा (तुकडे जुळवायच्या खुणा) खुणवा. मग तोच शर्ट मांजरपाटात शिवा. शिलाईची माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं कापड, सगळीकडे सारखी ठेवू नका. कुशीला 1 सेंमी ठीक, पण गळ्याला आणि कॉलरला 0.6, कारण वळणावर जास्त माया राहिली की शिवण उलटल्यावर कापड ताणलं जातं. शर्टाच्या बाहीचा वरचा घेर मुंढ्यापेक्षा 1 ते 2 सेंमीच जास्त असावा. त्याहून वाढला की खांद्याशी चुण्या पडतात, आणि बोल लागतो शिवणाऱ्याला. म्हणून दोन्ही कडा कागदावरच एकमेकींवर चालवून मोजायच्या.

सॅम्पलिंग
वरच्यात एक भर : कापड धुऊन पाहिल्याशिवाय पॅटर्न पक्का करू नका. कापडावर 50 बाय 50 सेंमीचा चौकोन आखा, धुवा, वाळवा, मोजा. उभ्यात 45 भरला तर आटणं 10 टक्के. तयार लांबी 72 हवी असेल तर 72 ला 0.90 ने भागा, 80 येतात. नुसते 10 टक्के वाढवले तर 79.2 होतात आणि धुतल्यावर 71.3 उरतात. ही चूक फार होते. आडव्या बाजूचं आटणं वेगळं असतं, ते स्वतंत्र काढायचं.

होजिअरी कापड थानावर ताणलेलं असतं. उलगडून 24 तास मोकळं ठेवा, मगच बेता. सुई बॉलपॉइंटच हवी. साध्या टोकाने फंदे तुटतात आणि भोकं पहिल्या धुण्यानंतर दिसतात.

टेक पॅक बनवणारी
नवख्यांच्या टेक पॅकमध्ये (कारखान्याला द्यायच्या कपड्याच्या तपशीलपत्रात) चित्र असतं, माप कुठून घ्यायचं ते नसतं. ‘छाती 104’ एवढ्याने भागत नाही. ‘काखेखाली 2.5 सेंमीवर, कडेपासून कडेपर्यंत (अर्धा घेर), 52, अधिक-उणे 1’ असं लिहा. टाक्याचा प्रकार, इंचाला किती टाके, लेबलची जागा, दोऱ्याचा रंग हे सगळं त्यातच यायला हवं. जे लिहिलं नाही ते कारखाना आपल्या सवयीने करतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

मर्चंडायझर
वेळापत्रक माल रवाना होण्याच्या तारखेपासून मागे मोजत आखा. कापडावर सगळ्यांचं लक्ष असतं. अडतं ते झिप, बटण आणि लेबलवर. रंगाचा नमुना निदान दोन प्रकाशांत पाहा, डी65 (दिवसाच्या उजेडासारखा प्रमाणित प्रकाश) आणि दुकानातला. एकाखाली जुळणारे रंग दुसऱ्याखाली वेगळे दिसू शकतात.

क्वालिटी
एक्यूएल (लॉटमध्ये किती दोष चालतील याची ठरलेली मर्यादा) 2.5, तपासणीची सर्वसाधारण पातळी 2 : 501 ते 1200 नगांच्या लॉटमधून 80 तपासायचे, 5 सदोषपर्यंत पास, 6 ला नापास. हा तक्ता वाचता आला तर मुलाखतीत फरक पडतो. नग खोक्यांच्या वरच्या थरातून नाही, सगळ्या खोक्यांतून काढायचे.

पोर्टफोलिओ बघणारी
चार-पाच कामं पुरेत, पण प्रत्येक शेवटापर्यंत नेलेलं हवं : कापडाचा तुकडा, पुढचं-मागचं सपाट चित्र, पॅटर्नचा फोटो, पहिल्या फिटिंगचा फोटो आणि त्यावर केलेल्या दुरुस्त्या. दुरुस्त्यांचं पान लपवू नका; मी सगळ्यात आधी तेच उघडते. शिवलेला एक कपडा सोबत आणा. तो मी उलटा करून पाहणार.