नांदूर मधमेश्वरला शाळेची सहल: आयोजनाचे अनुभव

निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर हे गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळील बंधाऱ्यामुळे तयार झालेले पाणथळ क्षेत्र असून महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ क्षेत्र) म्हणून ते ओळखले जाते. येत्या हिवाळ्यात सातवीच्या मुलांना तेथे नेण्याचा आमचा विचार आहे. ज्यांनी अशी सहल नेली आहे त्यांनी आपले अनुभव, विशेषतः फसलेले बेत, मोकळेपणाने लिहावेत, ही विनंती.

विज्ञान शिक्षिका, नाशिक

पहिल्या वर्षी आम्ही दोन बसमधून शंभरावर मुले नेली आणि वाटेत नाश्त्याला थांबल्यामुळे पाणथळीच्या काठावरील चापडगावला पोहोचेपर्यंत अकरा वाजले. ऊन चढले होते, बदके पाण्याच्या मध्यभागी गेली होती आणि एका दुर्बिणीमागे मुलांची रांग लागल्याने बहुतेकांना केवळ काळे ठिपके दिसले. पुढच्या वर्षी चाळीसच मुले घेऊन पहाटे पाचला निघालो, दहा-दहांचे गट केले आणि एक गट निरीक्षण मनोऱ्यावर असताना बाकीचे स्थानिक मार्गदर्शकांबरोबर काठाच्या वाटेने फिरतील, अशी आखणी केली. निफाडची थंडी बोचरी असते, म्हणून स्वेटर आणायला सांगितले होते. मात्र रंग मातकट असावा हे सांगायचे राहून गेले आणि एका भडक केशरी जर्किनने चक्रवाकांची जोडी उडवून लावली. आठवडाभर आधी वर्गात दहा पक्ष्यांची चित्रे दाखवली होती, त्याचा फार उपयोग झाला. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला वारकरी मुलांनी नावावरूनच ओळखला. चमचा, थापट्या आणि तलवार बदक यांच्या बाबतीतही नावानेच अर्धे काम केले.

एक पालक

मुलींच्या स्वच्छतागृहाची चौकशी आधीच करावी. आमच्या वेळी ती कोणी केली नव्हती आणि माझ्या मुलीने दुपारपर्यंत पाणीच प्यायले नाही.

निवृत्त मुख्याध्यापक

शालेय सहलीसाठी एसटीच्या भाड्यात 50 टक्के सवलत मिळते, परंतु डिसेंबरमध्ये सर्वच शाळांना बस हवी असल्यामुळे अर्ज दिवाळीपूर्वीच करावा. पालकांची संमतीपत्रे आणि शिक्षण विभागाची परवानगी हातात आल्याशिवाय तारीख जाहीर करू नये. आम्ही ती केली आणि दोनदा बदलली. खरी काळजी मात्र काठाची. बंधाऱ्यामागे अनेक दशके गाळ साचत आला आहे, त्यामुळे वरून कोरडे गवत दिसते आणि पाय ठेवताच गुडघ्यापर्यंत रुततो. म्हणून चालताना पाण्याच्या बाजूला नेहमी मोठे माणूस असावे, हा नियम मी नंतर केला. त्यापूर्वी एका विद्यार्थ्याला दोघांनी ओढून काढले होते. मुलगा सुखरूप वर आला, त्याचा डावा बूट मात्र गाळातच राहिला.