जुनी पिक्चर पोस्टकार्डं : साल कसं ओळखायचं, जपायची कशी?

पारिजात_डोंबिवली

नमस्कार मंडळी. आत्याचं घर आवरताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जुनी पिक्चर पोस्टकार्डं सापडली. तिचे आजेसासरे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत इगतपुरीला होते. बहुतेक कार्डं मुंबईची आहेत, काही खंडाळ्याची, दोन माथेरानची. बरीचशी कोरी आहेत. काहींवर मजकूर आहे, पण तो मोडीत असल्यामुळे घरात कुणालाच वाचता येत नाही. काही कार्डं अल्बमच्या काळ्या कागदाला पक्की चिकटलेली आहेत.

कार्डावर साल छापलेलं नसेल तर काळ कसा ठरवायचा? चिकटलेली कार्डं पाण्यात भिजवून सोडवू का? आणि मला आता हा छंद पुढे चालवावासा वाटतोय, तर सुरुवात कुठून करू? आत्या म्हणते, तुला हवी असतील तर ने, नाहीतर रद्दीत जातील.

घाटवाटा

पारिजातताई, आधी आत्यांना सांगा की एकही कार्ड रद्दीत जायला नको, फाटकंसुद्धा. आणि भिजवणं तर अजिबात नको. त्या काळातल्या पुष्कळ कार्डांवर रंग हाताने भरलेला असतो, तो पाण्यात उतरतो. मोडीतली शाईही पसरेल. काळा कागद कार्डाभोवती बोटभर सोडून कापून घ्या आणि तसाच राहू द्या.

मी फक्त बोरघाटाची कार्डं जमवतो. कर्जत ते लोणावळा, त्यापलीकडे नाही. हे सांगतो कारण तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे : एक गाव, एक रस्ता, एक नदी, जे तुमचं आहे ते धरा. ‘जुनी भारतीय कार्डं’ असा संग्रह करायला गेलात तर हाती येईल ते घेत सुटाल आणि कुठल्याच कार्डाशी ओळख होणार नाही. एकच जागा धरली की कार्डं एकमेकांशेजारी ठेवून बघता येतात. घाटातलं रिव्हर्सिंग स्टेशन घ्या. १८६३ साली घाटाचा मार्ग सुरू झाला, तेव्हा इथे गाडी थांबायची, इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि गाडी उलट्या दिशेने पुढे चढायची. १९२० च्या दशकाच्या अखेरीस नवा मार्ग झाला आणि ते स्टेशन वापरातून गेलं. या एका जागेची कार्डं मी ओळीने मांडली तेव्हा झाडं वाढताना दिसली, रुळांची मांडणी बदलताना दिसली, एका कार्डात खांब आहे तो दुसऱ्यात नाही. शेजारचा १८३० सालचा अमृतांजन पूल २०२० मध्ये पाडला. आता तो बघायचा तर कार्डातच.

आता साल. चित्रात काय आहे आणि काय नाही, दोन्ही बघायचं. माथेरानच्या कार्डात छोटी गाडी असेल तर ते १९०७ च्या आधीचं असू शकत नाही, कारण नेरळहून गाडी त्याच साली सुरू झाली. मुंबईच्या रस्त्यावर घोड्यांची ट्राम असेल तर १९०७ च्या आधीचं दृश्य, त्या वर्षी विजेची ट्राम आली. अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल उभं आहे आणि गेटवे नाही, तर १९०३ ते विशीच्या दशकाची सुरुवात यांमधलं. खंडाळ्याच्या कार्डात रुळांवर विजेच्या तारा नसतील तर साधारण १९३० च्या आधीचं. मात्र हा काळ फोटोचा. तोच फोटो पुढे कित्येक वर्षं छापत राहायचे, त्यामुळे कार्ड नंतरचं असू शकतं.

म्हणून मग पाठ बघा. मधे उभी रेघ नसेल आणि सगळी पाठ फक्त पत्त्यासाठी असेल, तर कार्ड फार जुनं. विलायतेत १९०२ साली अर्ध्या पाठीवर मजकुराला परवानगी मिळाली, अमेरिकेत १९०७ साली. त्याआधी लोक चित्राच्या कडेच्या पांढऱ्या जागेत दोन ओळी कोंबायचे. पाठीवर ‘जर्मनी’ किंवा ‘सॅक्सनी’ येथे छापल्याचा उल्लेख असेल तर बहुधा १९१४ च्या आधीचं. आपले मुंबईचे प्रकाशकसुद्धा पुष्कळ कार्डं तिकडून छापून आणत, महायुद्धाने ते बंद पडलं. तिकिटावर राजा कोण तेही बघा. एडवर्डची तिकिटं १९०२ पासून, पंचम जॉर्जची १९११ पासून. शिक्का वाचता आला तर प्रश्नच मिटला.

ठेवायचं कसं : पीव्हीसीची पाकिटं नकोत. नव्या रेनकोटसारखा वास आला की ती पीव्हीसी समजा. दोन पावसाळ्यांत कार्डाला चिकटतात. पॉलिप्रॉपिलीनची किंवा पॉलिएस्टरची घ्या. कार्डं पुठ्ठ्याच्या खोक्यात उभी ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको. लॅमिनेशन नाही, सेलोटेप नाही, पेनाने नंबर नाही. लिहायचंच तर मऊ पेन्सिलीने, पाठीवर, कोपऱ्यात.

लेस्टरकर

घाटवाटांचं एकच म्हणणं मला पटत नाही, ‘एकच जागा धरा’ हे. मी इथे इंग्लंडात राहते. इथल्या पोस्टकार्ड मेळाव्यांत टेबलाटेबलावर खोकी लावलेली असतात, देशवार, गाववार. भारताच्या खोक्यात हात घातला की किर्कीच्या (म्हणजे खडकीच्या) छावणीतून, देवळालीहून, महाबळेश्वरहून पाठवलेली कार्डं निघतात. गोरे शिपाई आणि मडमा घरी धाडायच्या ती. म्हणून आपल्या गावांची लिहिलेली कार्डं भारतापेक्षा इथेच जास्त सापडतात. मी जागा बघत नाही, मजकूर बघते. पुण्याच्या बंड गार्डनचं एक अगदी सामान्य कार्ड आहे माझ्याकडे, चित्र कुणीही सोडून देईल असं. मागे एका आईने मुलाला लिहिलंय की इथे पाऊस पत्र्यावर इतका वाजतो की जेवताना बोललेलं ऐकू येत नाही. ते कार्ड मी कशाच्याही बदल्यात देणार नाही.

पारिजात, मोडीतली कार्डं तुझ्या डब्यातली सगळ्यात मोलाची आहेत. इथल्या खोक्यांत मला आजवर एकही मिळालेलं नाही. ती आधी वाचून घे.

खिळेजुळारी

मी छपाईच्या धंद्यातला, निवृत्त. एक दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, हा छंद त्याशिवाय होत नाही. कार्डावर ठेवलं की तीनपैकी काहीतरी दिसेल. सारख्या ओळीत बसलेले ठिपके असतील तर हाफटोन. ठिपके नाहीत पण सुरकुतलेल्या कातडीसारखा बारीक, वेडावाकडा दाणा आहे, तर कोलोटाइप. काचेवरच्या जिलेटिनच्या थरावरून छापलेलं असतं ते, त्या थराचाच दाणा उमटतो. क्लिफ्टन आणि कंपनीची मुंबईची जुनी कार्डं काढून बघा, त्यांत हे काम सुंदर दिसतं. आणि भिंगाखालीही काहीच तुटत नसेल, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सलग उतरत असेल, तर तो खरा फोटो आहे, फोटोच्या कागदावर धुतलेला. असल्या कार्डाच्या कडांना तिरप्या उजेडात चांदीसारखी चकाकी येते. गावातल्या फोटोवाल्याने अशा मोजक्याच प्रती काढलेल्या असायच्या, म्हणून लहान गावाचं खरं फोटोकार्ड दिसलं तर सोडू नये.

चित्रकार एम. व्ही. धुरंधरांनीही कार्डांसाठी मुंबईची माणसं काढली आहेत, रंगीत शिळाछापात. त्यांच्या सहीचं कार्ड निघालं तर इथे जरूर दाखवा.

नकली ओळखायला अतिनील दिवा वापरा, नोटा तपासायला मिळतो तोच. कागद निळा-पांढरा चमकला तर त्यात पांढरेपणा वाढवणारं रसायन आहे. ते कागदात साधारण १९५० च्या सुमारापासून यायला लागलं. शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून विकलेलं कार्ड चमकायला नको.

पारिजात_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. भिंग आणलं. अपोलो बंदराच्या कार्डात ताज आहे, गेटवे नाही! माथेरानच्या एका कार्डात गाडी आहे, दुसऱ्यात नुसती झाडी आणि डोलीवाले. खंडाळ्याची चार कार्डं एकाच प्रकाशकाची वाटतात, खाली कोपऱ्यात बारीक आकडे आहेत. मोडी वाचायला कुणाकडे जाऊ? आणि बाजारात विकत घ्यायची तर कुठे?

घाटवाटा

मोडीसाठी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा, तिथे मोडीचे वर्ग होतात. मी तर म्हणेन दुसऱ्याकडून वाचून घेण्यापेक्षा तुम्हीच शिका. घरगुती मजकूर ठरावीक असतो, आकडे आणि नावं लवकर उमगतात.

विकत घ्यायला पुण्याचा जुना बाजार आहे, रविवारी आणि बुधवारी. मुंबईत चोरबाजारातली मटन स्ट्रीट. ताजमहाल हॉटेल किंवा राजाबाई टॉवर छापील कार्डात पैशाला पासरी आहेत, त्यांना फार किंमत देऊ नका. विक्रेता मागची बाजू बघू देत नसेल तर घेऊच नका.

लेस्टरकरताई, पत्र्यावरच्या पावसाचं कार्ड वाचून माझा आग्रह थोडा सैल झाला. पण एक गाव धरलेलं असलं की असा मजकूर कुठे बसतो तेही कळतं, एवढं म्हणू द्या.

पारिजातताई, खंडाळ्याच्या चार कार्डांवरचे आकडे कळवा. प्रकाशक मालिकेने नंबर घालायचे, त्यावरून मधली कुठली कार्डं हुकली ते कळेल. पाठीही स्कॅन करा, ६०० डीपीआयवर, कोऱ्या असल्या तरी. खंडाळ्याच्या नागफणी सुळक्याचं एखादं असेल तर ते आधी.