अटल सेतूनंतर अलिबागकडचे मुक्कामी पाहुणे घटले आहेत का?

नागावची वाडी (प्रश्न): मी परळला राहतो. नागावच्या आमच्या वाडीत चार खोल्या पर्यटकांसाठी आहेत आणि जेवणाचे सगळे वहिनी पाहतात. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावा शेवा सेतूचे उद्घाटन झाले, तेव्हा धंदा वाढणारच असे धरून आम्ही पाचवी खोली बांधायला घेतली. गर्दी वाढली, हे खरे. पण शनिवारी सकाळी येऊन, दुपारी सुरमईचे ताट जेवून, दिवेलागणीला परत निघणारेच त्यात जास्त. दुपारी वहिनींना तव्यापासून हलता येत नाही आणि रात्री दोन खोल्यांची कुलुपेही निघत नाहीत. इतरांचा अनुभव काय आहे?

सागरवाट: सेतू २१.८ किलोमीटरचा असला, तरी तो चिर्ल्याला संपतो. पुढे पेण, वडखळ आणि तिथून अलिबागपर्यंतचा अरुंद रस्ता आहेच. त्यामुळे वाचलेला वेळ पुष्कळदा कार्लेखिंडीच्या अलीकडेच खर्ची पडतो. तरीही कारचा एकेरी टोल २५० रुपये भरणाऱ्याला मुंबई जवळ आल्यासारखी वाटते आणि तो मुक्कामाचा विचार सोडून देतो. याउलट भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला गाडी घेऊन येणारा फेरीच्या वेळेला बांधलेला असतो, म्हणून माझ्या पाहण्यात तोच जास्त राहतो.

इगतपुरीकर: समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा, ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, तेव्हापासून ७०१ किलोमीटरचा सलग रस्ता झाला आहे. या रस्त्यावर ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येते. त्यामुळे भंडारदऱ्याला जाणाऱ्याची सोय झाली. मात्र जुन्या कसारा घाटात चहासाठी थांबणारी गाडी आता बोगद्यातून निघून जाते. (दुचाकीला तिथेही मज्जाव आहे आणि सेतूवरही, त्यामुळे बुलेटवाले तेवढे अजून घाटातले.) तुमच्याकडे निदान जेवायला तरी थांबतात.

नागावची वाडी: हे वाचून जुन्या वह्या काढल्या. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, तेव्हा पूर्वी आमच्याकडे शुकशुकाट असे. गेल्या जुलैत मात्र चारही खोल्या तीन शनिवार भरल्या होत्या आणि ती सगळी मंडळी सेतूवरून आली होती. पाचव्या खोलीचे काम थांबवून त्या पैशांत आधी पडवीला पत्रा घालावा आणि दुपारच्या पंगतीला आणखी दोन बाके करावीत, असे वहिनींचे म्हणणे आहे. गवंड्याला तसा निरोप दिला आहे.