सोरायसिस आणि पावसाळा: घरगुती उपायांतलं काय चालतं?

अबोली_डिचोली

सासूबाईंना (वय ६१) सोरायसिस आहे. निदान त्वचारोगतज्ज्ञांनीच केलंय. कोपर, गुडघे, डोकं आणि तळपाय. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदा, सोबत फॉलिक ॲसिड, आणि चट्ट्यांना लावायला स्टिरॉइडचं मलम. औषध सोडायचा विचार अजिबात नाही, तेव्हा कृपया त्यावर वाद नको.

विचारायचं आहे ते वरच्या काळजीबद्दल. जून लागून ऊन गेलं की खपल्या आणि खाज वाढते, तळपायांना भेगा पडतात. शेजारपाजारचे सल्ले असे: कडुलिंबाचा पाला वाटून लावा, काळ्या कुड्याचं तेल लावा, भिरंडेल (कोकमाच्या बियांचं घट्ट तेल) तापवून भेगांत सोडा, मिठाच्या पाण्याने न्हाऊ घाला, गुळवेलीचा काढा द्या, नुस्तं (मासे) बंद करा. यातलं काय करण्यासारखं आहे आणि नेमकं कसं? "नैसर्गिक आहे, अपाय नाही" एवढ्यावर विश्वास बसत नाही.

तिरफळ

आधी अंघोळीचं बघा, निम्मं काम तिथेच होतं.

निरोगी कातडीतली पेशी तळापासून वर येऊन गळून पडायला साधारण महिना घेते. सोरायसिसमध्ये हेच ३ ते ५ दिवसांत उरकतं, म्हणून खपल्यांचे थर साचतात. त्या थरावर महागातलं मलम चोपडलं तरी खाली पोचत नाही. घरगुती उपायाने रोग थांबत नाही, पण खपली मऊ करणं, ओलावा टिकवणं आणि खाज कमी करणं एवढं नक्की होतं. एवढं जमलं तरी औषधाचा गुण दिसायला लागतो.

भाणातलं (पाणी तापवायच्या भांड्यातलं) कडकडीत पाणी बंद. कोमट पाणी, ५ ते १० मिनिटं, बस्स. साबणाची वडी काख-जांघांपुरती. बहुतेक वड्यांचा पीएच ९-१० असतो आणि कातडीचा ५ च्या आसपास, त्यामुळे चट्ट्यांवर साबण फिरवला की कोरडेपणा वाढतो. काथ्या, सोडण (नारळाची साल), तळपायांना वजरी यांतलं काहीही वापरायचं नाही. या रोगाची खोड अशी की कातडीला जिथे इजा होते तिथे एक-दोन आठवड्यांत नवा चट्टा उठू शकतो. खरवडून काढलेली खपली दुपटीने परत येते ती याच कारणाने. नखं कापून ठेवा.

खाजेसाठी ओट्स चांगले. साधे घ्या, मसालेवाले नकोत (हे सांगावं लागतं). अर्धी वाटी ओट्स मिक्सरमध्ये मैद्यासारखे दळा. पेलाभर पाण्यात चमचाभर टाकून बघा: पाणी दुधाळ झालं आणि पीठ लगेच तळाला बसलं नाही तर दळण बरोबर. हे पीठ बादलीभर कोमट पाण्यात ढवळून शेवटी अंगावर घ्यायचं, वरून साधं पाणी ओतायचं नाही. न्हाणीची फरशी यामुळे भयंकर निसरडी होते. रबरी चटई घाला आणि सासूबाईंना स्टुलावर बसवा.

पंचाने टिपायचं, पुसायचं नाही. अंग दमट असतानाच, म्हणजे दोन-तीन मिनिटांच्या आत, साधी पेट्रोलियम जेली किंवा बिनवासाचं घट्ट क्रीम लावा. सगळ्यांचं चुकतं ते प्रमाणात. फक्त हात किंवा फक्त पाय धरले तरी दिवसातून दोनदा लावायचं तर आठवड्याला १०० ग्रॅमच्या वर लागतं. ५० ग्रॅमची डबी महिनाभर पुरत असेल तर ते लावणं नव्हे. वरून खाली, लव ज्या दिशेने असते तसं फिरवा, चोळू नका. उलटं चोळलं की केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात. डबीत बोटं घालू नका, स्वच्छ चमच्याने काढा.

स्टिरॉइडचं मलम आणि हे क्रीम यांत अर्धा तास जाऊ द्या. मलमाचं माप: तर्जनीच्या शेवटच्या पेरावर नळीतून काढलेली एक रेघ म्हणजे अंदाजे अर्धा ग्रॅम, आणि ते बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं.

एक धोक्याची गोष्ट. जेली आणि तेल कपड्यांत मुरतं आणि धुऊनही पूर्ण जात नाही. असा कपडा फार चटकन पेटतो. चूल, गॅस, देवघरातली समई यांच्याजवळ सावध राहा.

पोरसूं

कुडा आणि भिरंडेल यांवर मी लिहितो.

काळ्या कुड्याच्या तेलाचा वापर दक्षिणेकडे सोरायसिससाठी जुना आहे. खाज आणि खपली थोडी कमी होते, त्याहून मोठी अपेक्षा ठेवू नका. पाला मात्र काळ्या कुड्याचाच हवा. पांढऱ्या कुड्याच्याही शेंगा जोडीने लोंबतात, पण त्या एकमेकींपासून सुट्या असतात. काळ्याच्या शेंगांची टोकं कोवळेपणी एकमेकांना चिकटलेली असतात. शेंगा नसतील तर ओळखणाऱ्यालाच विचारा.

तेल एप्रिल-मेमध्ये करायचं, नवी पालवी आणि कडक ऊन दोन्ही असतं तेव्हा. पानं धुऊन पंचावर पसरा, वरचं पाणी पूर्ण सुकू द्या, मग हाताने तोडा. १०० ग्रॅम पाल्याला पाव लिटर खोबरेल, काचेची कोरडी बरणी, ५ ते ७ दिवस ऊन. तेल जांभळं पडलं की गाळून घ्या. पाल्याचा एक तुकडाही आत राहू देऊ नका. आता जुलैत करायला जाल तर ऊन नाही, पाल्यातलं पाणी तेलात उतरतं, बुरशी धरते आणि आठवड्यात खवट वास येतो. असं तेल फेकायचं, "उन्हं दाखवून" पुन्हा वापरायचं नाही. यंदा हा विषय सोडून द्या हेच बरं. आणि जांभळे डाग कपड्यांवरून निघत नाहीत.

भिरंडेल तळपायांच्या भेगांना उत्तम. अडचण त्याची नाही, तापवून टपटप सोडण्याची आहे. उलथन्यावर वितळवलेलं भिरंडेल उघड्या भेगेत पडलं की भाजतं, आणि भाजणं म्हणजे पुन्हा इजा. त्यापेक्षा मलम करा. गोळा किसून ५० ग्रॅम घ्या, तेवढंच खोबरेल, गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा. उतरवल्यावर भांडं थंड पाण्यात धरून सारखं ढवळत राहा. तसंच निवायला ठेवलं तर रवाळ होतं आणि ते कण भेगांत टोचतात. रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून, टिपून, हे लावा आणि वर सुती मोजे. फक्त त्या जागी आधी स्टिरॉइड लावलेलं असेल तर वर घट्ट बांधाबांध डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, औषध जास्त शोषलं जातं.

कोणतंही नवं तेल-मलम आधी हाताच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर आठवडाभर रोज दोनदा लावून बघायचं.

कडुलिंबाचा पाला नको. वाटून लावलेला लेप सुकताना कातडी ओढतो, भेगांत झोंबतो. लिंबू, लसूण, चुना यांचं तर नावच नको.

दर्यावर्दी

तिरफळ यांचं बहुतेक पटतं, पण पेट्रोलियम जेली आपल्या हवेत दिवसा अंगभर लावणं कठीण आहे. जुलै-ऑगस्टच्या दमटीत घाम खाली अडकतो आणि माणूस चौथ्या दिवशी कंटाळून सगळंच सोडतो. दिवसा हलकं क्रीम, रात्री पंख्याखाली जेली किंवा खोबरेल, असं वाटून घेतलं तर निभतं. खोबरेल जेलीइतकं ओलावा धरत नाही, पण लावलं तर जातं! मोहरीचं तेल मात्र नको, चुरचुरतं.

मीठ: १५ लिटरच्या बादलीला १०० ते १५० ग्रॅम जाडं मीठ, पूर्ण विरघळवून. पाणी जवळपास रक्ताइतपतच खारट होतं, त्यामुळे फार झोंबत नाही. "जास्त मीठ, जास्त गुण" म्हणून किलोभर ओतलं की कोरडं पडून खाज दुप्पट. पाच मिनिटं अंगावर घ्या, मग साध्या पाण्याने धुऊन लगेच क्रीम. न धुता मीठ अंगावर सुकू दिलं तर ओलावा उलट ओढला जातो. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. भेगा रक्ताळलेल्या असतील त्या दिवशी नाही.

मे महिन्यातली समुद्रस्नानं सोरायसिसवाल्यांना मानवतात ती खारं पाणी आणि ऊन या जोडीमुळे. सकाळी नऊच्या आत १०-१५ मिनिटं. पण कातडी भाजली तर चट्टे वाढतात, आणि मेथोट्रेक्सेट चालू असताना उन्हाचा त्रास जास्त होऊ शकतो, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच. मधुमेह किंवा यकृताचा आजार असेल आणि जखम उघडी असेल तर समुद्रात उतरू नये, जंतुसंसर्ग गंभीर होऊ शकतो. पावसात तर दर्याला लांबूनच नमस्कार.

अबोली_डिचोली

खूप उपयोग झाला, सगळ्यांचे आभार. तीन गोष्टी राहिल्या: गुळवेल, नुस्तं आणि डोकं. शिवाय जांघेत एक लालसर गोल उठलंय, कडा जास्त लाल, मधे फिकट. तेही सोरायसिसच का? तेच मलम लावू का?

मळेवाला

थांबा, लावू नका. कडा ठळक आणि मधे फिकट म्हणजे नायटा असण्याची शक्यता बरीच आहे, पावसात ओले कपडे आणि घाम यांनी तो फोफावतोच. नायट्यावर स्टिरॉइड लावलं की आठवडाभर लाली उतरते, सगळे खूश, आणि आतून बुरशी पसरत जाते. फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळणारी "तीन-चार औषधं एकत्र" असलेली मलमंही हाच घात करतात. त्वचेचे डॉक्टर खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, स्वस्त आणि झटपट तपासणी आहे. जांघेतला सोरायसिसही असतो, पण तो बहुधा गुळगुळीत, चकचकीत लाल, बिनखपलीचा. नजरेने ठरवू नये.

तोवर जांघेत तेल, जेली काही नको. कोरडं ठेवा, आणि आतले कपडे दोरीवर अर्धवट वाळले असतील तर आतूनबाहेरून इस्त्री फिरवून द्या.

तिरफळ

मळेवाला म्हणतात ते बरोबर.

गुळवेल नको, दोन कारणांनी. सोरायसिसमध्ये प्रतिकारशक्ती कमी नसते, ती चुकीच्या दिशेने पेटलेली असते; ती "वाढवणारा" काढा इथे कशाला? आणि मेथोट्रेक्सेटचा भार यकृतावर येतोच. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, वाद आहे. पण या गोळीसोबत तो वाद आपल्या घरात सोडवायची गरज नाही. हळद जेवणातली चालू द्या, मिरी घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल नकोत. बिननावाच्या पुड्या तर मुळीच नकोत. काहींत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. पुडी बंद केली की रोग अंगभर उसळतो.

गोळीचा वार कालनिर्णयवर खूण करून ठेवा. ही गोळी चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतते. तोंड आलं, ताप आला, धाप लागली तर पुढची गोळी न देता डॉक्टरांना फोन. तापासाठी कुठेही गेलात तरी मेथोट्रेक्सेट चालू आहे हे आधी सांगा. कोट्रायमोक्साझोल हे साधं अँटिबायोटिक यासोबत धोक्याचं आहे. मलेरियाची क्लोरोक्विन आणि रक्तदाबाच्या बीटा-ब्लॉकर गोळ्याही सोरायसिस चाळवू शकतात. परस्पर बंद करायच्या नाहीत, फक्त डॉक्टरांच्या कानावर घालायचं.

नुस्तं बंद करायचं कारण नाही. बांगडा-तारलीतलं तेल चांगलंच आहे. एखाद्या पदार्थाने दर वेळी खाज वाढते असं दिसलं तर तेवढा सोडा. सोलकढीलाही हरकत नाही. हुर्राक-फेणी (काजूची दारू) मात्र बंद. वजन जास्त असेल तर ते उतरवण्याने चट्ट्यांवर खरा फरक पडतो, पण ते कोणालाच ऐकायचं नसतं.

डोकं: न्हाण्याआधी तासभर खोबरेल, केसांना नव्हे, भांग पाडत पाडत टाळूला. रात्रभर ठेवू नका, कोंडाही असेल तर तेलाने तो वाढतो. मग बारीक दातांची फणी जवळजवळ आडवी धरून सुटलेली खपली तेवढी उचला. अडकली तर सोडून द्या, ओढू नका. नंतर कोल टारचा शाम्पू टाळूवर ५ ते १० मिनिटं ठेवून धुवा, आठवड्यातून दोनदा. पांढरे केस पिवळट पडू शकतात, सासूबाईंना आधीच सांगा. त्या दिवशी डोक्याला ऊन नको.

पोरसूं

टाळूवर खपली फार जाड असेल तर डॉक्टर सॅलिसिलिक ॲसिड घातलेलं तेल किंवा लोशन देतात, त्याने ती लवकर सुटते. विचारून घ्या. अंगभर मात्र ते लावायचं नसतं.

मळेवाला

एक राहिलं. सकाळी बोटं किंवा टाचा अर्ध्या तासापेक्षा जास्त आखडलेल्या असतात का, बोट सुजतं का, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आहेत का, बघा. सोरायसिस सांध्यांत उतरतो तेव्हा हेच दिसतं, आणि तिथे मलम-तेलाचा काही उपयोग नाही. पुढच्या भेटीत सांगा. आणि अंगभर लाल होऊन थंडी वाजू लागली किंवा पू भरलेल्या बारीक फोड्या उठल्या तर भेटीची वाट बघायची नाही, त्याच दिवशी बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) न्या.